वनस्पतिजन्य अब्जांश कणांनी सच्छिद्र मृदुपदार्थांचे स्थिरीकरण

फेस, स्पंज, एरोजेल (हवेने भरलेला अतिशय हलका घन पदार्थ) अशा मऊ, पोकळ पदार्थांतील बुडबुडे फुटू नयेत म्हणून त्यांच्या भिंतींवर सेल्युलोज, लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) किंवा वनस्पतिप्रथिनांचे अब्जांश कण (नॅनोमीटर मापाचे कण) बसविण्याची पद्धत. गोव्यातील सान्ने (तांदळाच्या आंबवून उकडलेल्या जाळीदार इडल्या) हे याच प्रश्नाचे घरगुती रूप. सूर (माडाची ताडी) घालून फुगलेले पीठ वेळेत उकडले नाही तर बसते. वाफ लागताच स्टार्च घट्ट होऊन जाळी टिकते. कणांच्या पद्धतीत बुडबुडा आधी कणांच्या कवचाने सावरला जातो, वाळविणे नंतर.

घन कणांनी स्थिर केलेल्या पायसाला (एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे थेंब पसरलेले मिश्रण, इमल्शन) ‘पिकरिंग पायस’ म्हणतात. फळझाडांवरील फवाऱ्यांसाठी पायसांचा अभ्यास करणाऱ्या स्पेन्सर पिकरिंग यांचा लेख १९०७ चा. परंतु घन कण द्रवाच्या पृष्ठभागी जमून बुडबुडे व थेंब टिकवितात, हे वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्येच मांडले होते. त्यामुळे अग्रमान रॅम्सडेन यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. फेसाच्या संदर्भात तर ते विशेष लागू पडते.

साबणाचे रेणू पृष्ठभागावर सतत ये-जा करतात. कण मात्र एकदा बसला की सहसा सुटत नाही. १० नॅनोमीटर त्रिज्येचा गोल कण हवा व पाणी यांच्या सीमेवर ९०° स्पर्शकोनात (हा कोन जितका लहान, तितका कण पाण्याने अधिक भिजतो) बसला, तर तो उपटण्यास सामान्य तापमानाच्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे ५,५०० पट ऊर्जा लागते. कोन २०° असेल तर हीच ऊर्जा जेमतेम २० पट उरते. सेल्युलोजची खरी अडचण हीच आहे. ते पाण्याने सहज भिजते, म्हणून फेसासाठी त्याच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करावी लागते किंवा प्रथिनासारखा जोडीदार द्यावा लागतो. तेल-पाण्याच्या पायसात मात्र सेल्युलोज स्फटिक एकटेही काम करतात.

गोव्यात कच्चा माल उघड्यावर पडलेला दिसतो: नारळाची सोडणे, भाताचा पेंढा, फेणीच्या हंगामात बोंडूंचा रस काढल्यावर भट्टीशेजारी आंबत पडलेला चोथा. सोडणाच्या काथ्यात लिग्निन भरपूर असते. सेल्युलोज हवे असेल तर हे लिग्निन आधी काढून टाकावे लागते. नुसत्या वनस्पतिमूळामुळे पद्धत शाश्वत ठरत नाही. सेल्युलोजचे स्फटिक वेगळे करण्याच्या रूढ रीतीत सुमारे ६४% तीव्रतेचे सल्फ्यूरिक आम्ल वापरतात. ते परत मिळविणे आणि धुण्याचे पाणी शुद्ध करणे हाही हिशेबाचाच भाग आहे.

सेल्युलोज ओल धरते. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत असे हलके पदार्थ मऊ पडून त्यांची छिद्रे दबतात, म्हणून जलरोधक लेप आवश्यक ठरतो.