पोहे-जिलबीच्या आधीची गोष्ट: इंदूरची मतदार जागृती

इंदुरात मतदानाच्या दिवशीची एक बातमी ठरलेली असते. छप्पन दुकान या खाऊगल्लीत जा, बोटावरची शाई दाखवा आणि पोहे-जिलबी फुकट खा. 2023च्या विधानसभेला हे झालं, 2024च्या लोकसभेलाही झालं. फोटो झकास येतात. पण रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत हे काम वर्षभर करणारी माणसं, म्हणजे निवृत्त मास्तर, बँकेतून सुटलेले काका, गणेशोत्सव मंडळाची पोरं, भिशीतल्या काकू, पोह्यांबद्दल फारसं बोलत नाहीत. त्यांची बोलणी यादीची. नाव आहे का, यादीच्या कुठल्या भागात आहे, आडनाव नीट छापलंय का, गेलेल्या माणसाचं नाव निघालं का. या कामाला इथे बरीच जुनी पार्श्वभूमी आहे, आणि तिची सुरुवात मतदानापासून होत नाही.

ती होते उंदरापासून. होळकर दरबारानं शहराचा आराखडा करायला पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नियोजनकाराला बोलावलं, तेव्हा इंदुरात प्लेगची दहशत होती. गेडिसचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल 1918चा. पण अहवालापेक्षा लोकांच्या लक्षात राहिली ती त्यानं काढलेली दिवाळीची मिरवणूक. त्यानं एका दिवसापुरता महाराजांचा मान मागून घेतला आणि जाहीर केलं की ज्या मोहल्ल्यानं घरं आणि गल्ल्या सगळ्यांत चांगल्या झाडल्या-रंगवल्या असतील, त्या वाटेनं मिरवणूक जाईल. झालं, गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. मिरवणुकीत सफाई कामगारांना मान होता, प्लेगचा भलामोठा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता आणि शेवटी त्या उंदराचं आणि राक्षसाचं दहन. 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेलं शहर आजही वॉर्डावॉर्डांत स्पर्धा लावूनच हलवलं जातं. हुकमापेक्षा शेजारच्या गल्लीची ईर्षा इथे जास्त चालते, हे गेडिसनं शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

अर्थात तेव्हा रहिवासी प्रजा होते. 1948मध्ये होळकर आणि शिंदे संस्थानं मध्यभारतात विलीन झाली. संविधान सभेत मध्यभारतातर्फे गेलेल्यांत इंदूरचे वि. सी. सरवटे होते. आज त्यांचं नाव बहुतेकांना बसस्टँडमुळे माहीत, ही गंमतच. प्रत्येक सज्ञान माणसाला मत, हे त्या सभेनं ठरवलं, पण ते कागदावर उतरवण्याची खरी झटापट झाली यादीत. संविधान लागू व्हायच्या आधीच, 1948पासून, मतदारयाद्यांचं काम सुरू झालं होतं. घरोघर जाणाऱ्या कारकुनाला दारातली बाई आपलं नाव सांगेना. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशा नोंदी मान्य करायला तयार नव्हते. परिणाम असा की देशातल्या सुमारे 8 कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास 28 लाखांची नावं पहिल्या निवडणुकीच्या यादीतून वगळावी लागली. यात बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेशाबरोबर आपला मध्यभारतही होता. मतदार जागृतीचा आपल्याकडचा पहिला धडा हा असा: बाईनं दारात उभं राहून स्वतःचं नाव सांगणं.

पुढची तीसेक वर्षं नागरिकांच्या कामाचा जोर मतापेक्षा प्रश्नांवर होता. त्यात सगळ्यांत मोठा प्रश्न पाण्याचा. 1970मध्ये नर्मदा इंदुरात आणा म्हणून विद्यार्थी, व्यापारी, गृहिणी सगळे रस्त्यावर आले. व्याख्यानमालेसाठी ओळखलं जाणारं अभ्यास मंडळ त्यात पुढे होतं. 1978मध्ये जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, पाणी आलं. निवडणूक न लढवताही सरकारला हलवता येतं, हा अनुभव शहराच्या अंगात त्या आंदोलनानं मुरवला. जुन्या स्वयंसेवकांत पक्षांबद्दल जो थोडा तुटकपणा दिसतो, तो माझ्या मते तिथलाच आहे.

मतदानाचं वय 21वरून 18वर आलं 1989मध्ये. त्याच वर्षी सुमित्राताई महाजन पहिल्यांदा लोकसभेत गेल्या, आणि मग सलग, एकूण आठ वेळा. मराठी घरांत राजकारण परकं राहिलं नाही, याचं बरंच श्रेय त्यांना. पण घरचंच माणूस निवडून येणार म्हटल्यावर ‘आपण नाही गेलो तर काय बिघडतं’ हा आळसही वाढला, असं म्हणणारे स्वयंसेवक भेटतात. मला ते पटतं.

निवडणूक आयोगानं मतदार जागृतीचा रीतसर कार्यक्रम 2009मध्ये हाती घेतला आणि 2011पासून 25 जानेवारी हा मतदार दिवस ठरला. तेव्हापासून रॅल्या, रांगोळ्या, शपथा आल्या. वाईट काहीच नाही, पण शपथ घेणाऱ्याचं नाव यादीत नसेल तर शपथ काय कामाची?

मग आलं 2024. 29 एप्रिलला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवारानं माघार घेतली. ‘मत द्या’ म्हणून दारोदार फिरणाऱ्यांची पंचाईत झाली. लोक विचारत, कुणाला? काँग्रेसनं उघडपणे नोटाचा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाचा, प्रचार केला. सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर 2013च्या निकालानं आलेलं हे बटण मध्य प्रदेशानं त्याच वर्षी, पहिल्याच खेपेला, वापरलं होतं. 13 मे 2024ला इंदुरात त्यावर 2,18,674 मतं पडली, म्हणजे विजयी उमेदवाराखालोखाल. त्याआधीचा देशातला उच्चांक बिहारच्या गोपालगंजचा, 51,660. विजयाचं अंतर मात्र 11,75,092 होतं, आणि नोटाला समजा सर्वाधिक मतं पडली असती तरी कायद्यानं निवडून उमेदवारच आला असता. हे समजावून सांगणं हेच त्या पंधरवड्यातलं खरं मतदार शिक्षण होतं. मतदान 2019च्या साधारण 69 टक्क्यांवरून 62च्या आत घसरलं. पोहे-जिलबी असूनही.

स्वयंसेवकांचा सगळ्यांत जास्त कस लागला तो पुढच्या वर्षी. 4 नोव्हेंबर 2025पासून मध्य प्रदेशात यादीचं विशेष सघन पुनरीक्षण, म्हणजे घरोघर फिरून नव्यानं तपासणी, सुरू झालं. बीएलओ, म्हणजे त्या बूथच्या यादीचा सरकारी कर्मचारी, घरी दोन प्रतींत फॉर्म देई. त्यावर नाव, जुना फोटो, क्यूआर कोड आधीच छापलेला. खाली रकाना: 2003च्या यादीत तुम्ही किंवा तुमचे आईवडील कुठे होता? विधानसभा, भाग क्रमांक, अनुक्रमांक. आता 2008मध्ये मतदारसंघांची फेररचना झालेली, तेव्हा जुना भाग शोधायचा कुठे? आणि मराठी घरात लग्नानंतर बाईचं आडनाव तर बदलतंच, कितीदा पाळण्यातलं नावही बदलतं. 2003 नंतर सून होऊन आलेलीला दुवा जोडायचा तो माहेरच्या यादीशी, आणि माहेर कधी देवास, कधी थेट जळगाव. काकूंच्या भिशीत त्या महिन्यात फोनवर जुन्या याद्यांच्या पीडीएफ फिरल्या. कुणी भावाला फोन लावून वडिलांचा अनुक्रमांक मागत होतं, कुणी ‘कुलकर्णी’ हिंदीत कसं छापलंय ते चष्मा वर करून बघत होतं. दुसऱ्याचे फॉर्म गठ्ठ्यानं भरून देणं स्वयंसेवकाचं कामच नाही. शेजारी बसून रकाना दाखवायचा, सही ज्याची त्यानं करायची.

निगमची, म्हणजे महापालिकेची, गोष्ट यातूनही वेगळी. 85 वॉर्डांसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेच्या यादीवरून स्वतःची वॉर्डवार यादी करतो. त्यामुळे ‘विधानसभेला होतं, निगमला कुठं गेलं?’ हा प्रश्न दर वेळी येतो, आणि नवरा एका बूथवर, बायको दुसऱ्या, हेही. मागची निगम निवडणूक जुलै 2022मध्ये झाली, म्हणजे पुढची 2027ला. 2022पासून नाव नोंदवताना 18 वर्षं पूर्ण झाली का हे मोजायला वर्षातून चार तारखा मिळतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. कॉलेजात नुकत्याच गेलेल्या पोरांना हे अजूनही घरी येऊन कुणीतरी सांगावं लागतं.