कानशीपासून गेजपर्यंत: ब्रिटनच्या सुरुवातीच्या कारखान्यांत मोटार कशी बनत असे

पहिल्या महायुद्धाआधीच्या इंग्रजी मोटारीचे इंजिन उघडले की बेअरिंगच्या, म्हणजे फिरता शाफ्ट पेलणाऱ्या आधाराच्या, प्रत्येक टोपीवर आणि तिच्या बैठकीवर पंचाने ठोकलेले आकडे दिसतात. १ समोर १, २ समोर २. हे सुट्या भागांचे क्रमांक नव्हेत. ही टोपी याच बैठकीवर, याच बाजूने बसवा, एवढाच त्यांचा अर्थ. त्याच कारखान्यात त्याच आठवड्यात बनलेल्या दुसऱ्या गाडीची टोपी तिथे बसेल याची हमी कोणी देत नसे. भाग नकाशाप्रमाणे बनायचे खरे, पण शेवटचे माप ठरायचे फिटरच्या हातात. ब्रिटिश मोटारधंद्याची पहिली वीस-पंचवीस वर्षे समजून घ्यायची तर गाड्या जुळवण्याच्या सरकत्या पट्ट्याआधी फिटरच्या या कानशीकडे पाहावे लागते.

धंद्याला वाट मिळाली ती १४ नोव्हेंबर १८९६ ला, रस्त्यावरच्या वाहनांचा नवा कायदा लागू झाला तेव्हा. तोवर रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा होती, शिवाय पुढे एक माणूस पायी चालवावा लागे. या कायद्याने मर्यादा १४ मैलांवर नेली आणि स्थानिक प्रशासनाच्या मंडळाने ती लगेच १२ वर आणली. हॅरी लॉसन या भांडवल उभारण्यात पटाईत असलेल्या गृहस्थाने त्याच वर्षी कायदा होण्याआधीच डेमलर कंपनी काढून कॉव्हेंट्रीत एक बंद पडलेली सूतगिरणी घेतली होती. तिथून १८९७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. दोन सिलिंडर, साखळीने फिरणारी मागची चाके, आणि ठिणगीऐवजी बर्नरने लाल तापवलेल्या प्लॅटिनमच्या नळीने पेट घेणारे इंजिन. वारा जोराचा असला की बर्नर विझे आणि गाडी जागेवर थांबे.

कॉव्हेंट्रीच का, याचे उत्तर सायकलमध्ये आहे. हंबर, रोव्हर, स्विफ्ट, सिंगर, रायली हे सगळे सायकलवाले. नळ्या जोडणे, बॉल बेअरिंग बनवणे, साखळ्या, निकेलचा मुलामा ही कामे जाणणारी माणसे गावात हजारोंनी होती. आल्फ्रेड हर्बर्टचा कॅप्स्टन लेथचा (एकामागून एक हत्यारे फिरवून लावता येणाऱ्या कातकामाच्या यंत्रांचा) कारखानाही तिथलाच. शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये पितळकाम, बंदुका, स्प्रिंगा. हर्बर्ट ऑस्टिन तर मेंढ्यांची लोकर कातरण्याची यंत्रे बनवणाऱ्या वुल्झली कंपनीतून आला. १९०५ मध्ये त्याने लाँगब्रिजला स्वतःचा कारखाना थाटला, तोही एका बंद छापखान्याच्या इमारतीत. नवी इमारत बांधण्याइतका विश्वास या धंद्यावर तेव्हा फारच थोड्यांचा होता.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सर्वांत जास्त माल वाया जायचा तो सिलिंडरमध्ये. बिडाचे सिलिंडर सहसा जोडीने ओतत आणि डोके, म्हणजे वरचे झाकण, वेगळे नसे, सिलिंडर आणि डोके एकसंध. भोवती पाणी फिरण्याची पोकळी, ती राहावी म्हणून साच्यात वाळूचा कोअर, म्हणजे गाभा. हा कोअर लोखंडाच्या बारीक टेकूंवर उभा असे. वितळलेले बीड आत शिरताना तो किंचित जरी सरकला तरी भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हा दोष वेगळा समजावून सांगायला नको. गोम अशी की तो बाहेरून दिसत नसे. आधी ओतीव भाग काही आठवडे उघड्यावर ठेवून ‘मुरू’ देत, म्हणजे थंड होताना अडकलेला ताण निघून जाई. मग बोअरिंग, म्हणजे आतले भोक मापात कातणे, आणि मग दाबाखालच्या पाण्याची चाचणी. त्या वेळी पातळ भिंतीतून घाम फुटावा तसे पाणी झिरपे आणि इतके दिवस केलेले काम भंगारात जाई. कोअरची वाळू पोकळीतून नीट निघाली नसेल तर चाचणीतही कळत नसे. गाडी गिऱ्हाइकाकडे गेल्यावर एकच सिलिंडर सारखा तापू लागला की मग शोध लागायचा.

बेअरिंगचे काम याहून चिकट. काशाच्या किंवा पोलादी कवचात व्हाइट मेटल ओतायचे. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मऊ मिश्रधातू. बोअर केल्यावर ते मापाच्या जवळ येई, पण मापात नसे. मग फिटर क्रँकशाफ्टच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, ब्लू या निळ्या लेपाचा अगदी पातळ हात फिरवी, शाफ्ट बैठकीत ठेवून टोपी कसे, एक-दोन फेरे फिरवून पुन्हा सगळे उघडे. जिथे निळे डाग उमटले तिथे धातू उंच, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा ब्लू, पुन्हा फेरा. डाग सगळीकडे सारखे विखुरलेले दिसेपर्यंत हेच. शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक हजारांश इंच मोकळीक ठेवायची. कमी पडली तर तेलाला जागा उरत नाही आणि व्हाइट मेटल वितळून वाहते; जास्त झाली तर इंजिन ठोके देते. पाच बेअरिंगांचा शाफ्ट असेल तर पाचही एका रेषेत आणायची, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकतो आणि काही हजार मैलांवर तुटतो. टोप्यांवरचे ते आकडे इथून आले.

गिअरची चाके बनवताना अडचण उलटी होती. पोलाद कापताना मऊ हवे, चालताना कठीण. म्हणून दात कापून झाल्यावर चाके हाडांच्या कोळशाने भरलेल्या लोखंडी पेटीत बंद करून सुमारे ९०० अंश सेल्सिअसला काही तास भाजत. पृष्ठभागात कार्बन मुरून सुमारे एक मिलिमीटरचा थर तयार होई, मग पाणी पाजायचे, म्हणजे तापलेले चाक एकदम थंड करून कठीण करायचे. थर फार खोल गेला तर दाताचे टोक टवका उडून जाते, उथळ राहिला तर दात झिजतो. आणि पाणी पाजताना चाक थोडे तरी वाकतेच. दाताची घासाई करणारी यंत्रे सर्रास मिळू लागेपर्यंत यावर उपाय एकच होता: जोडीची दोन चाके घासणाऱ्या लेपात एकमेकांवर फिरवून बसवायची. म्हणजे पुन्हा तेच, ही दोन फक्त एकमेकांची.

जुळवलेले इंजिन आधी बाहेरच्या शक्तीने, म्हणजे छतालगतच्या मुख्य शाफ्टवरून आलेल्या पट्ट्याने, काही तास नुसते फिरवत. नंतर ते स्वतःच्या बळावर चालवत. पेट्रोल महाग म्हणून अनेक ठिकाणी शहरातल्या दिव्यांचा गॅस वापरत. मग चांगल्या कारखान्यात ते पूर्ण उघडून तपासून पुन्हा जोडत. शेवटी नुसत्या चासीवर, म्हणजे बॉडी नसलेल्या चालत्या सांगाड्यावर, एक खोक्यासारखी बैठक ठोकून, वजने लादून, चाचणीचालक ती रस्त्यावर नेई.

नुसत्या चासीवर, कारण मोटार कारखाना विकायचाच चासी. बॉडी हा बग्गीवाल्यांचा धंदा. बार्कर, हूपर, मुलिनर ही नावे घोड्यांच्या जमान्यातली. गिऱ्हाईक चासी घेई आणि बॉडीवाल्याकडे धाडी. तिथे ऍशच्या लाकडाची चौकट, सुतारी सांधे, सरस आणि स्क्रू. वर अॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा, हाताने ठोकून आणि दोन चाकांमधून पुन्हा पुन्हा फिरवून गोलाई दिलेला. रंग हे खरे काळखाऊ काम होते. अस्तर, भरणीचे थर, प्युमिस दगड आणि पाण्याने घासाई, मग रंगाचे हात, मग व्हार्निश. मिळून वीसच्या आसपास हात, आणि प्रत्येक हात वाळायला दिवसभर तरी. धूळ बसू नये म्हणून जमिनीवर पाणी मारायचे, पण हवा दमट झाली की व्हार्निशवर पांढुरकी साय धरायची आणि घासून पुन्हा सुरुवात. चासी तयार आणि बॉडी रंगशाळेत अडकलेली, असे आठवडेच्या आठवडे जात.

हे सगळे अज्ञानापोटी चालले होते असे मानायचे कारण नाही. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रूकमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १८९९ मध्ये कंपनी काढली तीच मुळी गेजवर. प्रत्येक भागाला दोन मापांचे गेज, एक जाणारे आणि एक न जाणारे. भाग त्यांच्यामध्ये बसला तर पास. बाजारातले आटे आपल्या कामाला सोयीचे नाहीत म्हणून त्याने आट्यांचे स्वतःचे माप ठरवले, रोलर बेअरिंगही घरात बनवली. जुन्या कारागिरांना गेजवर काम करणे कमीपणाचे वाटे, म्हणून नव्या मुलांना शिकवले. बॉडीवाले नकाशा आणि फर्मा मानेनात म्हणून बॉडी विभागही स्वतःचा काढला. त्याच्या गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसे. पण गेज आणि जिग (भाग ठरल्या जागी पकडून हत्याराला वाट दाखवणारे साचे) यांचा खर्च भरून निघायला गाड्या हजारांत खपाव्या लागतात, आणि १९०४ मध्ये कंपनी दिवाळखोरी व्यवस्थापकाच्या ताब्यात गेली. भांडवलाविना अचूकता परवडत नाही, हे हिशेबाने सिद्ध झाले.

दुसरे टोक म्हणजे मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवरचा हेन्री रॉइस, पुढच्या रोल्स-रॉइसमधला. १९०४ च्या त्याच्या पहिल्या गाडीत नवा शोध जवळपास नव्हता, होती ती नुसती बारकाई. चासीची चौकट गरम रिव्हेटने जोडायची सर्वांची पद्धत. पण रिव्हेट थंड होताना आकसतो, भोकात सैल पडतो आणि चौकट कालांतराने कुरकुरू लागते. रॉइसने भोके रीमर या भोक साफ मापात आणणाऱ्या हत्याराने निमुळती करून त्यात निमुळते बोल्ट घट्ट बसवले. काम कितीतरी जास्त, पण ज्यांना किंमत विचारायची नव्हती असे गिऱ्हाईक त्याला मिळाले, आपल्याकडच्या संस्थानिकांसह. या यशाने ब्रिटिश धंद्याचे थोडे नुकसानही केले असे म्हणायला हरकत नाही. फिटरची कानस हा दोष नसून प्रतिष्ठा आहे, ही समजूत पक्की झाली.

धक्का बसला तो १९११ मध्ये. फोर्डने मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये डेट्रॉइटहून आलेल्या सुट्या भागांची मॉडेल टी जोडायला सुरुवात केली. भाग जहाजातून येत आणि कानस न लावता बसत. १९१३ मध्ये तिथून सहा हजारांवर गाड्या निघाल्या; त्याच वर्षी देशी कारखान्यांत पुढे असलेल्या वुल्झलीच्या तीन हजारांच्या आसपास. १९१४ मध्ये ट्रॅफर्ड पार्कला सरकती जुळणीही आली.

मग सगळ्यांनी नक्कल का केली नाही? एक कारण कराचे. जानेवारी १९२१ पासून गाडीवर दर अश्वशक्तीला वर्षाला १ पौंड कर लागला, आणि अश्वशक्ती इंजिन फिरवून मोजत नसत. सिलिंडरच्या व्यासाचा इंचातला वर्ग गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५, एवढेच सूत्र. मॉडेल टीचा व्यास ३.७५ इंच, सिलिंडर चार, उत्तर २२.५ आणि कर २३ पौंड. मॉरिस काउली या देशी गाडीचा व्यास ६९.५ मिलिमीटर; उत्तर १२ च्या किंचित आत, कर १२ पौंड. सूत्रात पिस्टनच्या चालीची लांबी नसल्याने ब्रिटिश इंजिने अरुंद आणि लांब चालीची झाली. वेगात ती थरथरत, चढणीला मात्र बरी ओढत. फोर्डची गाडी करामुळे महाग पडली आणि देशी गाड्यांना श्वास घ्यायला वेळ मिळाला.

तो वेळ वापरला विल्यम मॉरिसने. त्याची युक्ती अशी की कारखाना शक्यतो काहीच बनवत नसे. १९१३ च्या मॉरिस ऑक्सफर्डचे इंजिन कॉव्हेंट्रीच्या व्हाइट अँड पॉपचे, आस आणि स्टिअरिंग बर्मिंगहॅमच्या रिगलीचे, पोलादी चाके सँकीची, बॉडी ऑक्सफर्डच्या रावर्थची. ऑक्सफर्डलगतच्या काउली गावातल्या जुन्या लष्करी विद्यालयात फक्त जुळणी. किंमत १७५ पौंड. (आपल्या ॲम्बॅसडरची आई हीच नव्हे; ती १९५० च्या दशकातली त्याच नावाची गाडी.) वेगवेगळ्या गावांहून आलेले भाग काउलीत कानशीविना बसायचे तर पुरवठादाराला गेज मानणे भागच होते. लँचेस्टरला जे हुकमाने जमले नाही ते इथे बिलाच्या भीतीने जमले: माल बसला नाही तर परत.

युद्धानंतर इंजिनाचे काम कॉव्हेंट्रीतल्या हॉचकिस या फ्रेंच तोफा-बंदुकांच्या कंपनीकडे गेले. तिची यंत्रे फ्रेंच, आटे मेट्रिक. पण इंग्लंडमधल्या प्रत्येक गॅरेजात पाने व्हिटवर्थचे, म्हणजे इंचांवर आधारलेल्या ब्रिटिश मापाचे. तोड अशी निघाली की आटे मेट्रिक ठेवायचे आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची करायची. ही खिचडी मॉरिसच्या आणि पुढे एमजी या गाड्यांच्या इंजिनांत कित्येक वर्षे टिकली. आजही अशी गाडी दुरुस्त करणारा नवखा माणूस पाना बसला म्हणून व्हिटवर्थचा बोल्ट पिळतो आणि ब्लॉकमधले आटे घालवून बसतो.

फेब्रुवारी १९२१ मध्ये बाजार बसला असताना मॉरिसने चार आसनी काउलीची किंमत ५२५ वरून ४२५ पौंडांवर आणली, आणि मागणी इतकी वाढली की इंजिने पुरेनात. १९२३ मध्ये त्याने हॉचकिसचा कारखानाच विकत घेतला. तिथे व्यवस्थापक फ्रँक वूलर्डने सिलिंडर ब्लॉकसाठी १८१ फूट लांब एकच यंत्र उभारले. कच्चा ब्लॉक एका टोकाने आत, ५३ क्रिया होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर, दर चार मिनिटांना एक. पण ब्लॉक आपोआप पुढे सरकवणारी आणि पकडणारी यंत्रणा त्या काळच्या नियंत्रणांना झेपली नाही. एक ठिकाण अडले की त्रेपन्नही बंद. शेवटी ब्लॉक माणसांनी पुढे ढकलायचे ठरले, आणि तरीही उत्पादन वाढले, कारण यंत्रांची रांग आणि क्रम बरोबर होता.

काउलीतही तसेच. १९२५ मध्ये ५४,००० च्या आसपास गाड्या निघाल्या, त्याही यंत्राने न सरकणाऱ्या रांगेवर: चासी रुळांवर, कामगार ती हाताने पुढच्या ठाण्यावर ढकलत. मजुरी नगावर होती, म्हणून ढकलायची घाई कामगारालाच असे. मालकाला पट्टा फिरवायची गरज वाटली नाही. यांत्रिक सरकती रांग काउलीत आली ती १९३०च्या दशकात.

बॉडीचा अडसर सुटला दोन गोष्टींनी. सेल्युलोज रंग आला आणि आठवड्यांचे वाळवण तासांवर आले. आणि १९२६ मध्ये काउलीला अमेरिकन बड कंपनीच्या साथीने प्रेस्ड स्टील ही कंपनी निघाली. अख्खा पत्रा डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून बॉडी. डाय मात्र इतके महाग की एकच आकार वर्षानुवर्षे हजारोंनी खपवावा लागतो. ज्यांना ते परवडले नाही ते लाकडाच्या चौकटीवरच राहिले, आणि माल्व्हर्नच्या मॉर्गन कारखान्यात ऍशची चौकट आजही सुतार जोडतात.