घरातले जुने अस्वलाचे कातडे नावावर कसे करायचे? ९० दिवसांची मुदत, मालकीचा दाखला आणि अर्ज परत का येतात

सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा या भागातल्या जुन्या वाड्यांत अजूनही कुठे भिंतीवर, कुठे माळ्यावरच्या ट्रंकेत अस्वलाचे किंवा बिबट्याचे कातडे सापडते. शिकार आजोबांनी नाहीतर पणजोबांनी केलेली, तीही बहुतेकदा दूरच्या जंगलात. घरातला कर्ता माणूस गेला की ते कातडे आता कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. मुले वनखात्यात अर्ज घेऊन जातात आणि अर्ज परत येतो. कारणे ठरलेली असतात. एक तर मुदत चुकीची मोजलेली असते, नाहीतर वनखात्याने पूर्वी दिलेला मालकीचा मूळ दाखलाच जवळ नसतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तरुण मुले अजून विचारतात की अस्वलाचे कातडे कमावून पेंढा भरून घ्यायला परवानगी कुठे मिळते. नव्या शिकारीच्या कातड्यासाठी अशी कोणतीही परवानगी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. आपले अस्वल अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. रस्त्यावर गाडीखाली मेलेले अस्वल सापडले तरी ते सरकारी मालमत्ता असते, त्याचे नखही उचलता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाने तिकडच्या परवान्यावर शिकार केली, म्हणून कातडे बॅगेत घालून इकडे आणता येत नाही. अस्वलाच्या सगळ्या जाती सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत. तेव्हा पुढची सगळी माहिती फक्त जुन्या, आधी जाहीर केलेल्या कातड्यांबद्दल आहे.

कायद्याच्या भाषेत याला ट्रॉफी म्हणतात आणि तिची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. पेंढा भरलेले मुंडके, अंथरायचे कातडे, शिंगे, दात, नखे, केस, हे सगळे त्यात येते. सोन्यात मढवलेले नख आणि दरवेशाकडून घेऊन ताईतात घातलेला अस्वलाचा केससुद्धा. अर्जात फक्त कातडे लिहिले आणि तपासणीच्या वेळी कपाटातून नखांचे पदक निघाले, की साधे प्रकरण अवघड होऊन बसते. घरातल्या बायकामाणसांना, आत्या-मावशांना आधी विचारा. कोणाच्या डब्यात काय आहे ते त्यांनाच ठाऊक असते.

आता मुदत. २००३ साली लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशी वस्तू नव्याने जवळ बाळगण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे वारसा. वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाहीरनामा, म्हणजे ही वस्तू आपल्याकडे आल्याची लेखी माहिती, द्यावा लागतो. हे कलम ४० मध्ये आहे. लोक हे ९० दिवस वारस दाखला हातात पडल्यापासून मोजतात. कोणी भावाभावांची वाटणी झाल्यापासून मोजतो, कोणी ट्रंक उघडल्याच्या दिवसापासून. वारसा मिळतो तो माणूस गेला त्या दिवशी, म्हणून दिवस मृत्यूच्या तारखेपासूनच धरा. तेरावा आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत या विषयाला हात लावायचा नाही, असे बऱ्याच घरांत ठरते. त्यामागची भावना समजते, पण वर्षश्राद्धापर्यंत मुदत कधीच संपलेली असते.

कोर्टातून वारस दाखला निघायला सहज काही महिने लागतात. तो ९० दिवसांत मिळणे कठीण, हे कार्यालयातल्यांनाही माहीत असते, तरी खिडकीवरून ‘आधी वारस दाखला आणा’ असे सांगून लोकांना माघारी पाठवले जाते. तुम्ही माघारी जाऊ नका. मृत्यू दाखला, मूळ मालकी दाखल्याची प्रत, आधार कार्ड, राहत्या घराचा पुरावा, कातड्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र एवढे जोडून जाहीरनामा आवक कक्षात द्या. ‘वारस दाखल्यासाठी अर्ज केला आहे, मिळताच सादर करतो’ हे वाक्य त्यातच लिहा. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. मुदतीत कळवल्याचा तोच पुरावा.

द्यायचे कुठे, यातही गोंधळ होतो. वन्यजीव म्हटले की लोक थेट नान्नजला, माळढोक अभयारण्याच्या कार्यालयात जातात. ते कार्यालय पुणे वन्यजीव विभागाकडे आहे. सोलापूर शहरातल्या किंवा तालुक्यातल्या घरातल्या कातड्याचा अर्ज उपवनसंरक्षक, सोलापूर यांच्या नावाने द्यायचा. मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात, फाईल तिथवर जाते. एक प्रत परस्पर नागपूरलाही पोस्टाने पाठवली तर बरे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते मालकीच्या दाखल्यावर. कायदा लागू झाला तेव्हा ३० दिवसांत घरातल्या ट्रॉफी जाहीर करायच्या होत्या. तेव्हा राहून गेलेल्यांसाठी १८ एप्रिल २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची आणखी एक संधी दिली. या दोन्हींपैकी एका वेळी आजोबांनी किंवा वडिलांनी जाहीर केले असेल, तर कलम ४२ खालचा मालकीचा दाखला निघालेला असण्याची शक्यता आहे. तो दाखला म्हणून लोक काय काय घेऊन येतात! बंदुकीचा परवाना आणतात, पण तो शस्त्र बाळगण्याचा परवाना, त्यावरून कातड्याची मालकी ठरत नाही. मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्याखालचा शिकार परवाना आणतात. त्यावरून शिकार तेव्हा कायदेशीर होती एवढे कळते, पुढे जाहीरनामा दिला होता हे कळत नाही. अस्वलावर पाय ठेवून उभ्या असलेल्या आजोबांचा फोटो, किंवा म्हैसूरच्या व्हॅन इंजेनचे लेबल (हा कातडी कमावून पेंढा भरून देणारा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला), हे कातड्याच्या वयाचे चांगले पुरावे आहेत. जोडा जरूर, पण दाखल्याच्या जागी ते चालत नाहीत.

दाखला होता पण हरवला, असे असेल तर धीर सोडू नका. त्याची नोंद खात्याच्या रजिस्टरात असायला हवी. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून आजोबांच्या नावाची नोंद, जाहीरनामा आणि तेव्हा केलेली यादी यांच्या प्रमाणित प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात गाव, तालुका, प्राणी आणि अंदाजे साल लिहा. नुसते ‘माझ्या आजोबांचा दाखला द्या’ लिहिले तर ‘माहिती आढळून येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. मला याची खरोखर चीड येते. खात्यानेच दिलेला कागद, खात्याच्याच कपाटात त्याची नोंद, आणि तो शोधायला सत्तरीतल्या विधवेने सोलापूरला खेपा घालायच्या!

नावातला फरक हे दुसरे मोठे विघ्न. दाखल्यावर ‘आप्पासाहेब’ आणि मृत्यू दाखल्यावर पाळण्यातले नाव, असे आपल्याकडे घरोघरी आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र करा आणि त्याला जुना सातबारा, शाळेचा दाखला किंवा पेन्शनचे कागद जोडा.

तपासणीला वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी घरी येतात आणि पंचनामा करतात. कातडे मोजतात, छातीवरचा पांढुरका इंग्रजी व्हीसारखा पट्टा बघतात, पंजे आणि नखे मोजतात. मग कातडे उलटे करून खालच्या बनातीवर (अस्तराच्या जाड लोकरी कापडावर) जुना क्रमांक किंवा बिल्ला आहे का ते पाहतात. म्हणूनच अर्ज करण्याआधी कातड्याची डागडुजी करू नका. कसर लागली म्हणून बनात उसवून फेकली, की त्यावरचा क्रमांकही गेला. गळून पडलेली नखे डबीत ठेवून तीच दाखवा, नव्याने चिकटवू नका. कातडे हाताळताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. जुन्या काळी कातडे टिकवायला सर्रास आर्सेनिकयुक्त साबण वापरत, ते विष अजूनही केसांच्या मुळाशी असू शकते. लहान मुलांना त्यावर बसू देऊ नका.

वारस एकापेक्षा जास्त असतील तर कातडे कोणाकडे राहणार ते एकमताने ठरवून बाकीच्यांची ना-हरकत जोडा. हयात असताना पुतण्याला किंवा मित्राला भेट देता येत नाही. विकणे तर दाखला असला तरी गुन्हाच, ‘अँटिक’ म्हणून इंटरनेटवर फोटो टाकून विचारणा करणेसुद्धा. सोलापूरकरांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आपली निम्मी सोयरीक विजापूर, कलबुर्गीकडची. दाखला असलेले कातडे राज्याच्या हद्दीपलीकडे नेले, तर ३० दिवसांच्या आत ज्या राज्यात नेले तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावे लागते. मामाच्या घरातून गाडीच्या डिकीत टाकून आणले आणि कळवलेच नाही, असे प्रकरण पुढे सोडवताना फार त्रास होतो.

आणि मुळात जाहीरच केलेले नसेल तर? हे सांगताना वाईट वाटते, पण २००३ ची संधी गेली आणि आज नव्याने दाखला मिळवण्याचा सरळ रस्ता नाही. कायद्यात कलम ५७ आहे. वस्तू तुमच्याकडे सापडली की ताबा बेकायदा आहे असेच धरले जाते, आणि तो कायदेशीर आहे हे तुम्ही सिद्ध करायचे असते. अशी सरकारी मालमत्ता हाती आली तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवून ती सोपवावी, असे कलम ३९ सांगते. स्वतःहून कळवले म्हणजे चौकशी होणारच नाही अशी हमी मात्र कायदा देत नाही. म्हणून त्याच दिवशी वकील गाठा आणि लेखी पत्रासह कातडे जमा करा. घाबरून भीमेत सोडू नका, जाळू नका, रातोरात दुसऱ्याच्या शेतघरात हलवू नका. तसे केल्याने पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप अंगावर येतो.

दाखला आहे पण आता सांभाळणे होत नाही, अशांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने कलम ४२ अ आणले. मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन वस्तू त्यांच्याकडे सोपवता येते. मोबदला मिळत नाही. सोपवल्याच्या तारखेपासून दाखला रद्द होतो आणि वस्तू राज्य सरकारची होते. सोपवताना पंचनाम्याची सही-शिक्क्याची प्रत तिथेच मागून घ्या, ‘नंतर पाठवतो’ यावर उठून येऊ नका.