इन्फिनिऑनचे पॉवर पार्ट : आधी नंबर वाचा, मग बोर्डावर चढवा

वेल्डिंग मशीन, यूपीएस, सोलर इन्व्हर्टर, चार्जर आणि ई-बाइक कंट्रोलर बनवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या ग्राहकांसाठी

इन्फिनिऑन ही जर्मनीची सेमीकंडक्टर कंपनी. "तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा द्या" एवढ्यावर तिचा पॉवर पार्ट घेऊ नका. लागणारी बहुतेक माहिती नंबरातच असते. आयकेडब्ल्यू-४०-एन-१२०-एच-३ हा नंबर घ्या. 'के' म्हणजे आत डायोड असलेला आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), 'डब्ल्यू' म्हणजे टीओ-२४७ पॅकेज, ४० म्हणजे केस (पार्टचे बाहेरचे कवच) १०० अंश सेल्सिअसला असताना ४० अँपिअर, १२० म्हणजे १२०० व्होल्ट. 'के'च्या जागी 'जी' आला, तर आत डायोड नाही. ब्रिजमध्ये तो बसवलात की कॉइलच्या उलट्या करंटला वाट उरत नाही, व्होल्टेज उसळते आणि पार्ट उडतो. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात.

आयआरएफने सुरू होणारे नंबर मूळचे इंटरनॅशनल रेक्टिफायरचे. ती कंपनी इन्फिनिऑनने जानेवारी २०१५ मध्ये घेतली. या पार्टच्या डेटाशीटमधला अँपिअरचा आकडा जपून वाचा. आयआरएफझेड-४४-एनचे ४९ अँपिअर केस २५ अंशांवर ठेवली तरच. १०० अंशांना ३५ च उरतात. ई-बाइकवाल्यांच्या आवडत्या आयआरएफबी-४११० मधले सिलिकॉन १८० अँपिअर झेलते, पण आतल्या जोडतारांची मर्यादा १२० आहे.

गेटचे व्होल्टेज

साधा सिलिकॉन मॉस्फेट (आयजीबीटीसारखाच स्विच; इन्फिनिऑनचा कमी व्होल्टेजला ऑप्टिमॉस, ६०० व्होल्टच्या आसपास कूलमॉस) गेटवर, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायावर, १० व्होल्ट मिळाले की पूर्ण उघडतो, करंट मोकळा जाऊ देतो. आयजीबीटीला १५ लागतात. सिलिकॉन कार्बाइडच्या कूलएसआयसीला १५ ते १८. त्यामुळे जुन्या बोर्डावरचा सिलिकॉन काढून 'भारीतला' कार्बाइड लावला आणि ड्रायव्हर १० व्होल्टचाच ठेवला, तर तो अर्धवट उघडतो आणि स्वस्त पार्टपेक्षा जास्त तापतो. पैसे जास्त, आयुष्य कमी. गॅलियम नायट्राइडचा कूलगॅन तर जुन्या बोर्डात बदली म्हणून लावूच नका. त्याला वेगळा ड्रायव्हर आणि अगदी आखूड ट्रॅक लागतात.

मीटरवर फसू नका

कार्बाइड मॉस्फेटच्या आतल्या डायोडवर सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज पडते. स्वस्त मीटरची डायोड रेंज तिथपर्यंत पोचत नाही आणि पार्ट 'ओपन' (आतून तुटलेला) दाखवते. तो पार्ट खराब नसतो.

नकली माल ओळखायला मीटरपेक्षा बेंच सप्लाय बरा. आयआरएफबी-४११० च्या गेट-सोर्सला १० व्होल्ट द्या, ड्रेन-सोर्समधून (मुख्य करंटचे दोन पाय) १० अँपिअर सोडा, आणि पाय प्लास्टिकमधून जिथे बाहेर येतात तिथेच मिलिव्होल्ट मोजा. ४० च्या आसपास यायला हवेत. डेटाशीटची कमाल ४५. शंभराच्या घरात आकडा गेला, तर आत छोटी चिप घालून वर छपाई बदललेली आहे. मोजणी दोन-तीन सेकंदांत उरका, कारण पार्ट तापला की आकडा आपोआप वाढतो.

लेबलवर मलेशिया का?

त्यावरून माल नकली ठरत नाही. वेफर (ज्या पातळ चकतीवर चिपा बनतात ती) ऑस्ट्रियातल्या फिलाख किंवा जर्मनीतल्या ड्रेस्डेनला तयार होऊन चिप कापणे, तारा जोडणे आणि चाचणी मलेशियात मेलाका इथे होऊ शकते. वेफर चढवल्यापासून पार्ट रिळात जाईपर्यंत साधारण तीन-चार महिने जातात. म्हणून स्टॉक संपल्यावर 'पुढच्या आठवड्यात' असे आम्ही सांगत नाही.

फिलाखचा ३०० मिलिमीटर वेफरचा कारखाना सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला; गुंतवणूक १.६ अब्ज युरो. २०० मिलिमीटरच्या वेफरपेक्षा त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणून प्रति चिप खर्च कमी. ड्रेस्डेनच्या ५ अब्ज युरोच्या नव्या कारखान्याचे बांधकाम मे २०२३ मध्ये सुरू झाले. कार्बाइडचा मोठा कारखाना मलेशियातल्या कुलीमला आहे. त्याचा पहिला टप्पा ऑगस्ट २०२४ मध्ये उघडला. कार्बाइडचा स्फटिक दोन हजार अंशांच्या वर, तासाला मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने वाढतो आणि कापायलाही कठीण. किंमत तिथेच चढते.

संशोधनावर २०२३ च्या आर्थिक वर्षात कंपनीने सुमारे २ अब्ज युरो खर्च केले, म्हणजे विक्रीच्या साधारण १२ टक्के. ग्राहकाच्या कामाचे उदाहरण सांगायचे, तर २०२४ मध्ये जाहीर झालेला २० मायक्रोमीटर जाडीचा वेफर. पॉवर चिपमध्ये करंट वरून खाली, आरपार जातो. त्यामुळे तळाची जाडी निम्मी झाली की तिथला रोधही निम्मा होतो.

बसवताना

टीओ-२४७ चा एम-३ स्क्रू ०.६ न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा. जास्त पिळलात तर टॅब वाकतो, मधोमध हवा राहते आणि नेमका चिपखालचाच भाग हीटसिंकला टेकत नाही. आयजीबीटीचा टॅब म्हणजे कलेक्टर, मॉस्फेटचा ड्रेन, दोन्ही लाइव्ह. अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड हवाच. एमएसएल-३ (पार्ट ओल किती सोसतो त्याचा दर्जा) लिहिलेली पाकिटे फोडल्यावर १६८ तासांत सोल्डर करा. ही मुदत ३० अंश आणि ६० टक्के दमटपणापर्यंतची आहे. पावसाळ्यात तेवढीही धरू नका. ओल शिरलेला पार्ट रीफ्लो ओव्हनमध्ये (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) आतून तडकतो.

ऑर्डर देताना जुन्या पार्टचा शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण नंबर, गेट ड्रायव्हर आयसीचा नंबर आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. पार्ट जळून नंबर पुसला गेला असेल, तर शेजारच्या फेजवरच्या तशाच पार्टचा वाचा.