घरच्या जुन्या अमेरिकन गाड्यांची व्हिंटेज नोंदणी: कोणती गाडी बसते, कागद कोणते लागतात, अर्ज कसा करायचा

ज्यांच्याकडे दोन-चार जुन्या अमेरिकन गाड्या आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या ठणठणीत असतात आणि कागद मात्र अर्धवट. आरसी बुक आजोबांच्या नावावर, पासिंग कधीच संपलेलं, इंजिन नंबरच्या रकान्यात कुणीतरी पेनने केलेली खाडाखोड. अशा गाड्यांना कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली ती जुलै २०२१ मध्ये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी नियम ८१ए आणि त्यापुढचे नियम घातले. त्याआधी १९४७ ची प्लिमथ आणि १९९७ ची मारुती आरटीओच्या एकाच रांगेत उभ्या राहत होत्या.

नव्या नियमांतला अर्ज तसा सोपा आहे. खरं काम आहे ते गाडीवरचे आकडे आणि कागदावरचे आकडे जुळवण्याचं. म्हणून या लेखात त्यावर जास्त लिहिलं आहे.

कोणती गाडी पात्र ठरते

गाडी दुचाकी किंवा चारचाकी असावी, वापर खासगी असावा आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली असावीत. इथे वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. मालक मंडळी गाडीचं वय मॉडेलच्या सालावरून सांगतात, पण अमेरिकन कंपन्या पुढच्या सालाचं मॉडेल आदल्या वर्षाच्या शरद ऋतूतच बाजारात आणत. तिथून जहाजाने येऊन, इथे जुळणी होऊन गाडी आरटीओत पोचेपर्यंत आणखी काळ जायचा. १९७४ चं मॉडेल आहे म्हणून २०२४ मध्ये अर्ज करायला गेलात आणि पहिली नोंदणी १९७६ ची निघाली, तर थांबावं लागणार.

दुसरी अट आहे मूळ स्वरूपाची. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करून गाडीची मोठी फेरबांधणी झालेली नसावी. आपल्याकडच्या अमेरिकन गाड्या अडतात त्या इथेच. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि सहा किंवा आठ सिलिंडरची गाडी पोसणं अनेकांना झेपेना. मग शेवरले, डॉज, जीप यांची मूळ इंजिनं उतरवून त्यात डिझेल इंजिनं बसवली गेली. त्या काळी लोकांना दुसरा मार्ग नव्हता, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अनेक गाड्या केवळ त्या डिझेलमुळे भंगारात जाण्यापासून वाचल्या. पण आज व्हिंटेज म्हणून अर्ज करायचा तर आधी योग्य जातीचं मूळ इंजिन शोधून बसवा, त्याची आरसीवर नोंद करून घ्या, आणि मगच पुढे जा. डिझेल इंजिन ठेवून 'बाकी सगळं ओरिजिनल आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

इंजिन त्याच जातीचं ठेवून रिबोअर केलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून घेतले, रिंगा-व्हॉल्व्ह बदलले, बॉडीचा सडलेला पत्रा त्याच आकारात नवा घातला, तर ती दुरुस्ती, असं माझं मत आहे. छत कापून बंद गाडीची उघडी गाडी केली, तर तो बॉडीतला बदल. लग्नाच्या वरातीसाठी अशी कापाकापी झालेल्या गाड्या महाराष्ट्रात कमी नाहीत. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टवर नेलेली असेल तर मला त्यात मोठी अडचण दिसत नाही, पण बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो आणि त्याचा कटआउट (स्विच) जपून ठेवा. तपासणीला तो दाखवता आला की बोलणं सोपं होतं.

गाडी इथवर आली कशी, हे आधी ठरवा

याला कारण आहे. कोणता कागद शोधायचा ते यावरून ठरतं.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही मुंबईत जुळणी केली. सुटे भाग पुष्कळदा कॅनडातून येत, कारण उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या अमेरिकन कंपन्या तिथे बनवत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो आणि प्लिमथ बांधल्या, तर महिंद्रांनी विलीस जीप. या गाड्यांची पहिली नोंदणी भारतातलीच असते, त्यामुळे तुमचा मुख्य पुरावा म्हणजे जुनं आरसी बुक.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या शेवरले इम्पाला आणि तशाच मोठ्या गाड्या बऱ्याचदा परदेशी वकिलातींनी आणलेल्या असत आणि नंतर राज्य व्यापार महामंडळाच्या, म्हणजे एसटीसीच्या लिलावातून लोकांकडे गेल्या. अशा गाडीच्या फायलीत एसटीसीच्या विक्रीचा कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. यातल्या बऱ्याच गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगची गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवर चालणारं इशारा देणारं साधन हवं. तपासणीच्या आदल्या दिवशी इंडिकेटर नीट पाहून घ्या.

आकडे जुळवणं

सतरा अंकी चासी नंबर अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. शिवाय १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत गाडीची ओळख म्हणून अनेक ठिकाणी इंजिन नंबरच धरला जाई. आपल्याकडच्या कारकुनांनी समोर जो आकडा दिसला तो चासीच्या रकान्यात लिहिला. कधी तो इंजिनाचा असतो, तर कधी फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि आतली बैठक यांच्यामधल्या भिंतीवरच्या, 'बॉडी बाय फिशर' पट्टीवरचा, आणि ती पट्टी फक्त बॉडीचा प्रकार, रंग आणि आतलं कापड सांगते.

म्हणून आधी आरसी बाजूला ठेवा आणि गाडीवरचे सगळे आकडे उतरवून घ्या. जुन्या शेवरले-प्लिमथमध्ये सीरियल नंबरची पट्टी पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर सापडते. फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ (आठ सिलिंडर) इंजिनाच्या गाड्यांमध्ये नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो आणि तो बॉडीखाली झाकला जातो, त्यामुळे बॉडी उतरवली असेल तेव्हाच त्याचा फोटो काढून ठेवावा. प्लिमथ-डॉजच्या सहा सिलिंडर इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला पुढे, वरच्या अंगाला असतो. त्याची पहिली अक्षरं महत्त्वाची: पी१५ म्हणजे १९४६ ते १९४९ च्या सुरुवातीपर्यंतची प्लिमथ, डी२४ म्हणजे त्याच काळातली डॉज. क्रायस्लर घराण्याची ही इंजिनं इतकी सारखी आहेत की एकीचं दुसरीत सहज बसतं, आणि आपल्याकडे ते सर्रास बसवलं गेलं. डॉजच्या आरसीवर पी१५ लिहिलेलं असेल तर घाबरू नका, पण हा बदल कधी झाला याचा कागद शोधा.

नंबर ग्राइंडरने घासू नका, पुन्हा ठोकू नका. रंगाचे थर पातळ पेंट रिमूव्हरने काढा, वर कागद धरून पेन्सिलने छाप घ्या. हा पेन्सिल प्रिंट अर्जालाही लागतो. नव्याने ठोकलेला दिसणारा आकडा अधिकाऱ्याच्या मनात चोरीच्या गाडीची शंका आणतो, आणि मग तुम्ही खरे असूनही महिनोन्महिने खुलासे देत बसता.

अर्जाच्या आधी उरकायची कामं

आरसी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करा. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आरसी, विमा आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. चार भावंडांत चार गाड्या असतील तर कोणती कुणाच्या नावे, हे घरात आधी ठरवा. एका बहिणीची सही राहिली म्हणून सगळा संग्रह पडून राहिलेला मी पाहिला आहे.

आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागा, आणि मूळ आरटीओतून आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे नोंदणीच्या तपशिलाचा उतारा, काढा. बीएमने सुरू होणारे मुंबईचे जुने नंबर किंवा जीडीने सुरू होणारे गोव्याचे नंबर 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत अनेकदा नसतात. तेव्हा जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं, करून घ्यावी लागते. त्याशिवाय पोर्टल पुढेच सरकत नाही. गाडी दुसऱ्या राज्यातून विकत घेतली असेल तर तिथली फॉर्म २८ ची ना-हरकत आणि फॉर्म २९ व ३० चं हस्तांतर पूर्ण हवं. चाळीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ आणून तो उतरवा. बँक विलीन झाली असेल तर जिच्यात ती गेली तिच्याकडे जा.

अर्ज

संग्रहात गाड्या कितीही असोत, प्रत्येक गाडीचा अर्ज वेगळा. परिवहन पोर्टलवर फॉर्म २० भरायचा. सोबत विम्याची पॉलिसी आणि शुल्काची पावती, भारतात आधी नोंदलेल्या गाडीसाठी जुनी आरसी, परदेशातून आणलेल्या गाडीसाठी कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद). ओळख आणि पत्त्याचे पुरावे, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, पेन्सिल प्रिंट हे तयार ठेवा. इंजिन, दाराच्या खांबावरची पट्टी आणि डॅशबोर्ड यांचे जवळून काढलेले फोटो मी सुचवेन. मागितले नाहीत तरी द्या.

नव्या व्हिंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. त्यानंतरच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये नोंदणी प्रमाणपत्र मिळायला हवं. आधी नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. ही सवलत सोडू नका, कारण जुन्या अमेरिकन गाडीवर तिचा मूळ मुंबईचा नंबर असणं हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे. पहिल्यांदाच नोंदवल्या जाणाऱ्या गाडीला राज्याची अक्षरं, मग व्हीए, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार अंक असा नंबर मिळतो, म्हणजे महाराष्ट्रात 'एमएच व्हीए एए ०००१' या धर्तीचा.

विम्यात एक खाच आहे. मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकात व्हिंटेज गाडी म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली. त्यामुळे आरटीओच्या लेखी व्हिंटेज ठरलेली १९५५ ची गाडी विमा कंपनीच्या लेखी तशी असेलच असं नाही. थर्ड पार्टी विमा तर हवाच. पण गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरवून पॉलिसीवर लिहून घ्या, नाहीतर घसारा लावून तुमच्या ब्युइकची किंमत शून्याच्या जवळ दाखवली जाते.

सगळ्याच गाड्या व्हिंटेज करायच्या का?

नाही. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती चालवायची. वरातीसाठी भाड्याने देणं यात बसत नाही, आणि पैसे घेऊन शूटिंगला देणंही नाही.

दर रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणारी जीप असेल तर तिची नेहमीची खासगी नोंदणीच चालू ठेवा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचं शुल्क वाढलं: २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनाला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. आयात म्हणून नोंद असलेली गाडी वर्षातून दोन-तीनदाच बाहेर निघत असेल, तर व्हिंटेज नोंदणी स्पष्टपणे फायद्याची. कुर्ल्यात बांधलेल्या डॉजचं गणित वेगळं येतं, तिच्याबाबत पैशांपेक्षा तुम्ही ती किती चालवता ते पाहा.

परदेशातून आणायची असेल तर

पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच मुभा होती. २०२५ मध्ये धोरण बदलून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना वाट मोकळी झाली. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी संग्राहकांना यामुळे गाडी घरी आणणं शक्य झालं आहे, पण सीमाशुल्क जबर आहे, ते आधी कस्टम्स एजंटकडून लिहून घ्या. अमेरिकेतल्या टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या प्रमाणपत्रावर, बहुधा सध्याच्या मालकाला ते कधी मिळालं ती तारीख असते, गाडीची पहिली नोंदणी नव्हे. त्यामुळे जुनी टायटल्स, मूळ विक्रीची पावती, कारखान्याची बिल्ड शीट (गाडी कशी बांधली त्याचा तक्ता), जे मिळेल ते गाडी जहाजावर चढण्याआधी गोळा करा. नंतर इथून मागवणं फार जड जातं.

विक्री आणि नकार

व्हिंटेज नोंदणीची गाडी विकता येते. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या राज्याच्या परिवहन विभागाला कळवायचं असतं.

अर्ज नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर परतू नका. नकाराची कारणं लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५७ खाली अपील करता येतं. त्यासोबत आकड्यांचे फोटो, पेन्सिल प्रिंट आणि इंजिन बदलाचा जो काही कागद असेल तो जोडा, आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या.