आहार आणि स्मृतिभ्रंशाचा प्रतिबंध

स्मरण, भाषा, निर्णयशक्ती आणि रोजचे व्यवहार उत्तरोत्तर ढासळवणाऱ्या मेंदूविकारांच्या समूहाला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. बुद्धिभ्रंश आणि मनोभ्रंश हे पर्यायही मराठीत आढळतात. बिघाड केवळ स्मरणाचा नसल्याने ‘बुद्धिभ्रंश’ अधिक नेमका ठरला असता, परंतु रूढी ‘स्मृतिभ्रंशा’ची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५.७ कोटी लोक या विकाराने ग्रस्त होते. त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमागे अल्झायमर रोग असतो. त्याखालोखाल रक्तवाहिन्यांच्या विकारांतून उद्भवणारा प्रकार येतो, आणि उतारवयात ही दोन्ही कारणे पुष्कळदा एकत्र नांदतात. धोका कमी करण्यात आहाराचा वाटा किती, एवढाच विचार येथे केला आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. हा पुरवठा रक्ताभिसरणावर अवलंबून असल्याने रक्तवाहिन्यांना जे अपायकारक ते मेंदूलाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोकाघटक नोंदवले आणि सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध त्यांच्याशी जोडला. त्या यादीत आहार हा स्वतंत्र घटक नाही, हे सहसा सांगितले जात नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, एलडीएल कोलेस्टेरॉल आणि अतिमद्यपान या वाटांनी तो तेथे शिरतो.

कमतरताजन्य प्रकार : आहार आणि बुद्धिऱ्हास यांचा निर्विवाद संबंध जीवनसत्त्वांच्या कमतरतेत दिसतो. नियासिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रात त्वचादाह आणि अतिसारापाठोपाठ मनोविकृती व बुद्धिऱ्हास येतो. हा रोग संसर्गजन्य नसून आहारजन्य आहे हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५च्या सुमारास अमेरिकेत दाखवले. कॉनराड एल्व्हेजेम यांनी १९३७ मध्ये निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नियासिन, हा त्यावरचा उपाय ओळखला. थायमिनच्या, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या, अभावी वेर्निके–कोर्साकोव्ह हा स्मरण ढासळवणारा मेंदूविकार होतो. तो दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांत अधिक दिसतो. ब१२च्या कमतरतेमुळे होणारा ऱ्हास वेळीच ओळखला तर बऱ्याच अंशी भरून येतो. वृद्धांत ही कमतरता अन्नापेक्षा जठरातील शोषण मंदावल्याने अधिक उद्भवते; मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध आणि आम्लशामक औषधे यांचा दीर्घ वापरही तिला कारणीभूत ठरतो. अशा रुग्णांना नुसते फॉलिक आम्ल (हेही ब गटातलेच जीवनसत्त्व) दिल्यास कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

होमोसिस्टीनचा वाद : मिथिओनिन या अमिनो आम्लाच्या चयापचयात होमोसिस्टीन तयार होते. फॉलेट (फॉलिक आम्लाचे अन्नातील रूप) आणि ब१२ यांच्या साहाय्याने ते पुन्हा मिथिओनिनमध्ये बदलते, किंवा ब६च्या साहाय्याने सिस्टीनच्या दिशेने जाते. ही जीवनसत्त्वे कमी पडली की रक्तात ते साचते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासाच्या १,०९२ सहभागींवरील २००२च्या निष्कर्षानुसार, ज्यांची पातळी १४ मायक्रोमोल प्रतिलिटरहून अधिक होती त्यांच्यात अल्झायमरचा धोका जवळपास दुप्पट होता. यातून सोपा प्रश्न निघाला : गोळ्या देऊन पातळी उतरवली तर धोकाही उतरेल का?

ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने सौम्य बोधनक्षीणता (स्मरण व विचारशक्तीतील किंचित घट) असलेल्या सत्तरीपुढील व्यक्तींना दोन वर्षे फॉलिक आम्ल, ब१२ आणि ब६ यांच्या मोठ्या मात्रा दिल्या. २०१०च्या अहवालानुसार, ज्या १६८ जणांचे सुरुवातीचे व अखेरचे मेंदूचित्रण पूर्ण झाले त्यांच्यात मेंदू आक्रसण्याचा वार्षिक वेग औषधगटात ०.७६ टक्के, तर तुलनागटात १.०८ टक्के होता. होमोसिस्टीनची मूळ पातळी १३ मायक्रोमोलच्या वर असलेल्यांत फरक आणखी ठळक होता. पुढे याच गटाने असेही मांडले, की हा लाभ रक्तातील ओमेगा-३ मेदाम्लांची पातळी चांगली असलेल्यांनाच झाला. उलट, अल्झायमर आधीच जडलेल्या ४०९ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२००८) याच जीवनसत्त्वांनी ऱ्हास मंदावला नाही. नेदरलँड्समधील २,९१९ वृद्धांवरील चाचणीतही (२०१४) बोधनक्षमतेत उल्लेखनीय फरक पडला नाही. त्याच वर्षी रॉबर्ट क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ११ चाचण्यांतील सुमारे २२,००० जणांची माहिती एकत्र तपासून, होमोसिस्टीन उतरवल्याने बोधनऱ्हासावर परिणाम होत नाही, असा निर्वाळा दिला. क्लार्कही ऑक्सफर्डचेच, त्यामुळे हा वाद बऱ्याच अंशी एकाच विद्यापीठाच्या आवारात रंगला. स्मिथ यांच्या बाजूचे म्हणणे असे, की तपासलेल्या बहुतेक चाचण्यांत तुलनागटाचाच ऱ्हास झाला नव्हता. जे घसरलेच नाही ते थोपवल्याचे दिसणार कसे? आक्षेप बिनतोड आहे, परंतु ज्या लहान चाचणीच्या आधारे तो घेतला तिची मोठ्या प्रमाणावर पुनरावृत्ती होणे आवश्यक आहे. सध्या तरी वृद्धांत ब१२ तपासून कमतरता भरून काढणे रास्त ठरते, सरसकट गोळ्या देणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ब व ई जीवनसत्त्वे आणि बहुअसंपृक्त (ओमेगा-३सारख्या) मेदाम्लांच्या पूरक मात्रा देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

आहारपद्धती : एकेका पोषकाऐवजी संपूर्ण आहाराकडे पाहण्याची दिशा २००६ नंतर बळावली. त्या वर्षी न्यूयॉर्कमधील निरीक्षणात भूमध्यसागरी धाटणीचा (भाज्या, फळे, कडधान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेलावर भर देणारा) आहार आणि अल्झायमरचा कमी धोका यांचा संबंध नोंदला गेला होता. रक्तदाब उतरवण्यासाठी आखलेला डॅश आहार आणि हा भूमध्यसागरी आहार यांच्या मिलाफातून शिकागोच्या रश विद्यापीठातील मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ मध्ये ‘माइंड’ आहार मांडला. त्यात पंधरा अन्नगट आहेत. पालेभाज्या, इतर भाज्या, बेरी, कवचफळे, कडधान्ये, अखंड धान्ये, मासे, कोंबडी, ऑलिव्ह तेल आणि वाइन हे दहा हितकर. तांबडे मांस, लोणी व मार्गारीन, चीज, गोड पदार्थ आणि तळलेले पदार्थ हे पाच मर्यादित ठेवायचे. ९२३ जणांच्या सरासरी साडेचार वर्षांच्या पाहणीत, हा आहार सर्वाधिक पाळणाऱ्या तृतीयांशात अल्झायमरचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी आढळले, आणि मधल्या तृतीयांशातही ३५ टक्क्यांनी. वाइनचा समावेश आज खटकतो, कारण न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे मद्य सोडलेलेही मोजले जातात आणि मग पिणारे अकारण निरोगी भासतात.

निरीक्षणावरून कारण ठरवण्यातली मुख्य अडचण रोगाच्या दीर्घ सुप्तावस्थेत आहे. अल्झायमरमधील अमिलॉइड प्रथिनाचा साठा लक्षणांच्या १५ ते २० वर्षे आधीपासून सुरू होतो. त्या काळात भूक, रुची आणि स्वयंपाकातील नेटकेपणा बदलू लागला, तर निकृष्ट आहार रोगाचे कारण न राहता त्याचे आद्य लक्षण ठरेल. ब्रिटनमधील व्हाइटहॉल-२ अभ्यासाने ही शंका गडद केली : मध्यमवयात आहार नोंदवलेल्या ८,२२५ जणांचा सुमारे पाव शतक मागोवा घेतल्यावर आहाराची प्रत आणि पुढील स्मृतिभ्रंश यांत लक्षणीय संबंध दिसला नाही (२०१९).

यादृच्छिक चाचण्यांचा, म्हणजे सहभागींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत वाटणाऱ्या चाचण्यांचा, कौल संमिश्र आहे. स्पेनमधील भूमध्यसागरी आहाराच्या प्रेडिमेड चाचणीच्या उपअभ्यासात (२०१५) ऑलिव्ह तेल किंवा कवचफळांची जोड दिलेल्या गटांची बोधनक्षमता तुलनागटापेक्षा चांगली टिकली. मात्र यादृच्छिक वाटणीतील त्रुटींमुळे मूळ चाचणीचा शोधनिबंध २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्तीसह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. ‘माइंड’ आहाराची स्वतःची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील ६०४ जणांच्या कुटुंबात स्मृतिभ्रंशाचा इतिहास होता. तीन वर्षांनी ‘माइंड’ आहाराचा आणि नेहमीच्या आहाराचा अशा दोन्ही गटांत थोडी सुधारणा दिसली, पण गटांतील फरक नगण्य होता. दोन्ही गटांना उष्मांक थोडे कमी करायला सांगितले होते आणि दोहोंचे वजन घटले, ही गोष्ट निष्कर्ष वाचताना विसरू नये.

आहार एकटा न घेता व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवरील देखरेख यांच्या जोडीने देणाऱ्या फिनलंडमधील फिंगर चाचणीत (२०१५, ६० ते ७७ वर्षांचे १,२६० जण) दोन वर्षांत माफक पण स्पष्ट लाभ दिसला. त्यात आहाराचा हिस्सा वेगळा काढता येत नाही. जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काने स्मृतिभ्रंश टळत नाही, हे २००८ मध्ये ३,०६९ वृद्धांवरील चाचणीत दिसून आले. हळदीतील कर्क्युमिनचा बोलबाला असला, तरी ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते.

रोग सुरू झाल्यावर पथ्याचा रोख उलटतो. जेवण विसरणे, चव मंदावणे आणि गिळण्यातील अडचण यांमुळे वजन घटू लागते. अशा वेळी कडक पथ्य अपायकारक ठरू शकते, आणि पुरेसे उष्मांक व प्रथिने पोटात जाण्याला प्राधान्य द्यावे लागते.