पाणी भरलेलं असूनही गाडी का उकळते?

नवतपा लागला की नागपुरात वर्धा रोडच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. बघणाऱ्यांचं निदान बहुधा एकच असतं, पाणी संपलं असेल. ही समजूत जुन्या गाड्यांच्या काळातली आहे आणि त्या काळी ती बरोबरही होती.

१९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’त, अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली यायचं. झाकणात दाब धरण्याची सोय नव्हती. पाणी शंभर अंशांना उकळायचं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंच, म्हणजे इथे ९९ लाच. वाफ गेली की पाणी ओतायचं, एवढीच दुरुस्ती.

पुढे स्प्रिंगचं, दाब धरणारं झाकण आलं आणि हिशेबच बदलला. दाब दर चौरस इंचाला एक पाउंडाने वाढला की उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. पंधरा पाउंडांना तो १२० च्या आसपास पोचतो. आपल्याकडे याचं मोल जास्त आहे. रेडिएटर उष्णता सोडतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. हवा ४५ अंश आणि पाणी ९५ असेल तर फरक ५०. पाणी न उकळता ११० पर्यंत जाऊ शकलं तर ६५.

पण बिघाडाचं रूपही त्याबरोबर बदललं. आता पाणी काठोकाठ असूनही गाडी उकळू शकते, कारण दाबच टिकत नाही. अशा वेळी उन्हाळ्यात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा उपाय अजून सर्रास केला जातो. मला तो साफ चुकीचा वाटतो. गळका दाब त्याने धरला जात नाही, उलट थंडीत इंजिन नीट तापत नाही.

खरी तपासणी थंड इंजिनावर होते. गरम असताना झाकण उघडलं तर दाब सुटतो आणि शंभराच्या वर गेलेलं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचा टेस्टर बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका, बहुधा ०.९ किंवा १.१ बार (साधारण १३ किंवा १६ पाउंड), दाब भरायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरला आणि खाली थेंब दिसले तर होज (रबरी नळी), रेडिएटरचा जोड किंवा पाण्याचा पंप बघायचा. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं, तर गळती आत आहे: हीटरमध्ये किंवा हेड गॅस्केटला, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलला. थंड इंजिन सुरू करताच काटा भराभर चढला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. पाण्यावरची हवा निळ्या रसायनातून खेचून याची खात्री करता येते. कार्बन डायऑक्साइड असेल तर ते पिवळं पडतं.

झाकणही टेस्टरला लावून तपासावं. सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि नेमका तोच बघायचा राहतो. त्यात दुसरी एक छोटी झडप असते, गाडी निवताना शेजारच्या बाटलीत गेलेलं जास्तीचं पाणी परत आत घेणारी. ती अडकली की गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा होतो.